एक रोम, पाच राज्यकर्ते

संगणकावरचा खेळ म्हटला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. ती सर्वस्वी अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पण काही खेळांत बोटांच्या चपळाईपेक्षा नागरिकशास्त्राचीच परीक्षा अधिक होते. इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने २००४ साली काढलेला 'रोम: टोटल वॉर' हा त्यांपैकीच एक. इ.स.पू. २७० पासून ज्युली, ब्रुटी वा स्किपी या घराण्यांपैकी एकाचा कारभार हाती घ्यायचा. वर्षाला दोन खेळ्या, एक उन्हाळ्याची व एक हिवाळ्याची. शेती, रस्ते, कर, सैन्य, तह, सारे आपणच पाहायचे.

या खेळातली मोहीम मुळात एकट्याने खेळण्यासाठी रचलेली आहे. पाच मित्रांना ती मिळून खेळायची असेल, तर एकाने काही खेळ्या खेळून डाव जतन करावा व पुढच्याच्या स्वाधीन करावा, हा एकच मार्ग उरतो. पण स्वाधीन करायचा तो केव्हा? आणि ते ठरवायचे कोणी?

"मित्रामित्रांत नियम कसले?" असे पुष्कळ जण म्हणतात. माझे मत नेमके उलट आहे. नियम नसले की ज्याचा संगणक त्याचे राज्य, आणि ज्याचा हात सराईत त्याचाच डाव! बाकीचे मागे उभे राहून माना डोलावतात आणि आठवड्याभरात यायचे बंद होतात.

म्हणून पहिला नियम मुदतीचा. प्रत्येकाला दहा खेळ्या, म्हणजे खेळातली पाच वर्षे. शत्रू वेशीवर असला तरी अकरावी खेळी दुसऱ्याची. "युद्ध ऐन रंगात आले आहे, डाव याच्याकडेच राहू द्या" हा युक्तिवाद मोठा गोड असतो. रोमनांनाही तो पटला होता. कॉन्सलची मुदत एक वर्षाची. पण किंब्री व ट्यूटोनी टोळ्यांच्या भयाने मारियसला इ.स.पू. १०४ पासून १०० पर्यंत लागोपाठ पाच वेळा निवडण्यात आले. टोळ्यांचा बीमोड झाला खरा, पण मुदत मोडता येते हेही सर्वांना कळून चुकले. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्ला सैन्यानिशी रोमवर चालून गेला आणि इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली. सारे त्या एका अपवादामुळे घडले असे नव्हे. पण वाट तिथे मळू लागली.

दुसरा नियम पराभवाचा. लढाई हरली म्हणून जुना जतन केलेला डाव पुन्हा उघडायचा नाही. मात्र हरणाऱ्याची थट्टाही करायची नाही. थट्टेच्या भीतीनेच माणूस चोरून डाव मागे फिरवतो. इ.स.पू. २१६ मध्ये कॅनी येथे रोमचा भीषण पराभव झाला. पौलस हा कॉन्सल रणात पडला, व्हॅरो हा दुसरा जिवंत परतला. प्रजासत्ताकाची आशा सोडली नाही म्हणून त्याचे जाहीर आभार मानण्यात आले, असे लिव्ही हा इतिहासकार सांगतो.

तिसरा नियम हिशेबाचा. डाव सोपवताना खजिना किती, युद्ध कोणाशी, तह कोणाशी, कोणते शहर बंडाच्या बेतात आहे, हे कागदावर लिहून द्यावे. प्रांताधिकाऱ्यांच्या लुबाडणुकीची चौकशी करण्यासाठी रोमनांनी इ.स.पू. १४९ मध्ये कायमचे न्यायालयच स्थापन केले होते. आपल्याला निदान एक कागद जड होऊ नये.

आमच्यापैकी कित्येकांनी संगणकाला पहिल्यांदा हात लावला तो कॉलेजात आल्यावर. अशांच्या दहा खेळ्यांत एखादे शहर हातचे जाईल. जाऊ द्यावे, शहर पुन्हा जिंकता येते. परंतु ज्याला खेळूच दिले नाही, तो शिकणार तरी कधी?

मात्र हे नियम पहिल्या खेळीआधीच लिहून पाचही जणांनी त्याखाली सह्या कराव्यात. एकदा कोणी जिंकू लागला, की मग होणारा प्रत्येक नियम त्याच्या बाजूचा किंवा त्याच्याविरुद्धचाच ठरतो.