दादासाहेबांचा अभिमान आणि वटहुकुमांची सवय

दादासाहेब मावळणकर आमचे, असे बडोद्याची मराठी मंडळी म्हणतात, कारण १८८८ साली त्यांचा जन्म तेथे झाला. घराणे मूळचे कोकणातले म्हणून रत्नागिरीकरही त्यांच्यावर हक्क सांगतात. अहमदाबादेस १९१३ पासून वकिली करणारा हा गृहस्थ १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचा, १९४६ मध्ये अवघ्या ३ मतांच्या आधिक्याने मध्यवर्ती कायदेमंडळाचा आणि १९५२ मध्ये लोकसभेचा पहिला अध्यक्ष झाला. हे सारे अभिमानास्पद खरेच. परंतु ज्या गोष्टीसाठी त्यांनी स्वपक्षाच्या सरकारची नाराजी पत्करली, तिचा उच्चार आमच्या सत्कारसभांत कधी ऐकू येतो काय?

ती गोष्ट म्हणजे वटहुकूम. १९५० मध्ये, आणि पुन्हा १९५४ मध्ये थेट पंडित नेहरूंना, त्यांनी लिहून कळविले की वटहुकूम काढणे हे मुळातच लोकशाहीविरुद्ध असून अत्यंत निकडीवाचून त्याचे समर्थन होऊ शकत नाही. यात आम्हांस त्यांची वकिली दिसते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे न ऐकता दिलेला निकाल बरोबर असला तरी न्याय्य नव्हे, हे कोर्टात उभा राहणारा प्रत्येक वकील जाणतो. वटहुकूम हा असाच एकतर्फी निकाल होय.

'काम तातडीचे असते आणि सभागृहात नुसता गोंधळ चालतो,' असा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला आहे. तो आम्हांस मान्य नाही. घटनेच्या १२३ व्या कलमाने तातडीची सोय केलीच आहे, पण अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तिचा अंतही सांगितला आहे. सोय निराळी, सवय निराळी. (आमच्या देवस्थानांच्या महाजनसभांतही हा रोग आहेच. समितीने खर्च आधी उरकावा आणि सभेने मागाहून मान डोलवावी!)

ही सवय कोठवर जाते, हे बिहारने दाखविले. १९६७ ते १९८१ या काळात तेथे २५६ वटहुकूम पुनःपुन्हा काढून जिवंत ठेवले गेले. त्यांतील काही तर १४ वर्षे! ही मोजदाद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. वाधवा यांनी केली, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रथेचा निषेध केला. तरीही २०१७ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठास पुन्हा सांगावे लागले की असे करणे ही घटनेची फसवणूक आहे. एकाच पक्षाच्या माथी हे पाप मारणाऱ्यांनी आपला पक्ष सत्तेवर असतानाचे दप्तर उघडून पाहावे.

कायद्याचे पदवीधर आजही संसदेत आहेत. त्यांतील कोणी पालखीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेण्यास आमच्या देवळाच्या सभामंडपात आले, तर वाचकहो, त्यांना एवढेच विचारा: गेल्या वेळी वटहुकूम सभागृहापुढे आला, तेव्हा अधिवेशनापर्यंत थांबता का आले नाही, हे आपण उठून विचारलेत काय?