प्रश्नावली भरली, प्रश्न कोणता होता?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानुसार राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा लागू झाला. क्षेत्रप्रकल्प आता त्याचा भाग असून, संशोधनासह चौथे वर्ष पूर्ण करू इच्छिणाऱ्यास स्वतंत्र संशोधन सादर करावे लागते. बारामती व इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्यांची, कामगारांची मुले आपल्याच गावाची मोजदाद करणार, ही कल्पना स्वागतार्ह होय. परंतु तीस ओळखीच्या माणसांकडून प्रश्नावली भरून घ्यावयाची, टक्के काढावयाचे आणि आधीच ठरलेले निष्कर्ष त्याखाली लिहावयाचे, हा जुना साचा नव्या आराखड्यातही तसाच राहण्याची भीती आहे.

या साच्याची किंमत किती पडते, ते एका हिशेबावरून दिसेल. समजा, ठिबक सिंचनाने पाणी वाचते असे तीसपैकी अठरा ऊस-उत्पादकांनी, म्हणजे ६० टक्क्यांनी, सांगितले. हे तीस जण चिठ्ठ्या टाकून निवडले असले, तरी ९५ टक्के विश्वासपातळी धरता खरे प्रमाण सुमारे ४२ ते ७८ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. ही अनिश्चितता निम्म्यावर आणावयाची तर नमुना चौपट करावा लागतो. चिठ्ठ्या टाकल्याच नसतील, तर हा हिशेबही लागू पडत नाही. मित्रमंडळींच्या मोबाइलवर पाठविलेली प्रश्नावली फार तर मित्रमंडळींविषयी काही सांगू शकेल. शिवाय, पाणी वाचते असे शेतकऱ्यास वाटणे आणि पाणी खरोखर वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा विसर तर सर्रास पडतो.

चिठ्ठ्या कोणत्या यादीतून काढावयाच्या, हा त्याहूनही अवघड प्रश्न. तलाठ्याकडील आठ-अ च्या खात्यांवरून नमुना निवडला, तर भूमिहीन मजूर आपोआप गळतो. बीडकडून हंगामापुरता आलेला ऊसतोड कामगार तर गावच्या मतदारयादीतही सापडत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या वरच्या भागातील बागायतदार, इंदापूरकडील शेपटाचा शेतकरी आणि सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यातील शेतकरी यांची एकच सरासरी काढली, तर ती तिघांपैकी कोणाचीच नसते. पाणीवाटपाचा वाद मात्र नेमका या तिघांच्या फरकाचाच आहे.

पुणे जिल्ह्याला गंभीर मोजणी अपरिचित नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये आणि जातेगाव बुद्रुकचा १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड अ‍ॅटवुड यांनी बारामतीच्या कालवा पट्ट्यातील एका ऊसकरी गावातील १९२० ते १९७० या काळातील जमीनधारणेचा माग काढला. नगदी पीक आले की मोठा खातेदार लहानांची जमीन गिळतो, हा तेव्हा रूढ समज होता. १९७९ मधील अ‍ॅटवुड यांच्या निबंधाने वेगळेच दाखविले: भूमिहीनांपैकी व लहान खातेदारांपैकी अनेकांनी जमीन मिळविली होती, आणि मोठ्यांपैकी अनेकांची घटली होती. एका गावावरून साऱ्या दख्खनचा निर्णय लागत नाही, हे खरे. तथापि ही चढउतार दिसली, ती एकेका खातेदाराचा पिढ्यान् पिढ्या माग घेतल्यामुळे. दोन सालांच्या बेरजा शेजारी मांडून ती दिसली नसती.

आपला समज खोटा ठरला असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास गुण कमी मिळतात की अधिक, यावर पुष्कळ अवलंबून आहे. आणि ते ठरविणार कोण? महाविद्यालयांतील रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक तासांपुरते मानधन घेतो. विद्यार्थ्याबरोबर वाडीवस्तीवर जाऊन एखादा दिवस घालविणे त्याच्या कोणत्याच तासात बसत नाही. मग तोंडी परीक्षा उरकली की प्रकल्पांचे गठ्ठे कपाटात आणि काही वर्षांनी रद्दीत जातात. पुढच्या तुकडीचा विद्यार्थी त्याच गावात, त्याच घरी, तेच प्रश्न घेऊन पोचतो. त्याच्या हाती आधीच्या तुकडीचा एकही आकडा नसतो.