शुक्रवह स्रोतसातील संग आणि आपले कर्तव्य

वीर्यात शुक्राणू नाहीत असे दिसताच वाजीकरण योग सुरू करण्याचा परिपाठ आपल्या व्यवसायात रूढ आहे. तो तपासून पाहावा, असे आम्हांस वाटते. चरकाचार्यांनी स्रोतोदुष्टीत 'संग' सांगितला आहे. वृषणांत शुक्राणू निर्माण होत असूनही मार्गच रुद्ध असेल, तर शुक्रल द्रव्ये काय करणार? क्षयरोग, पूयमेह, लहानपणी झालेली हर्नियाची शस्त्रक्रिया ही अशा अवरोधाची परिचित कारणे होत.

दोन तपासण्यांत शुक्राणू नसून वृषणांचे आकारमान व एफएसएच प्राकृत असेल, तर अवरोधाची शंका घ्यावी. शुक्रवाहिनी हाताला लागते का, वीर्यात फ्रुक्टोज आहे का, हेही पाहावे. तथापि एफएसएच प्राकृत असूनही शुक्राणुनिर्मिती खुंटलेली असू शकते. तो निर्णय बायोप्सीनेच होतो. शुक्रवाहिनीचे क्ष-किरण चित्रण अवरोधाचे स्थान दाखविते. परंतु त्याने वाहिनीस इजा होऊ शकते, म्हणून ते जोडशस्त्रक्रियेच्या वेळीच करणे इष्ट.

औषधांत वर्षे गेली, तरी पत्नीचे वय थांबत नाही. औषधालयचालकांनीही वीर्यतपासणीच्या अहवालावाचून शुक्रवर्धक औषधे देऊ नयेत. शल्यतंत्र हे अष्टांगांपैकीच एक. रुग्णास वेळीच तिकडे पाठविण्यात आयुर्वेदाला मुळीच उणेपणा नाही.