विश्लेषण : विद्यापीठाचे ग्रंथालय शिरूर-दौंडच्या मोबाइलवर का पोहोचत नाही?

ऑनलाइन अभ्यासक्रम म्हटला की व्हिडीओ, पीडीएफ नोट्स आणि चाचण्या डोळ्यांसमोर येतात. ग्रंथालय मात्र आठवत नाही. ज्या ई-पुस्तकांसाठी आणि शोधपत्रिकांसाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो, त्यांचा दुवाच अभ्यासक्रमात दिला नाही तर तो पैसा कोणासाठी, हा प्रश्न आता विचारायला हवा. त्याची सर्वाधिक झळ पुण्यापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना बसते.

प्रश्न नेमका काय?

शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय आणि दौंडचे के. जी. कटारिया महाविद्यालय ही दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. या दोन तालुक्यांतील आणि पुणे शहरातील विद्यार्थी एकाच विद्यापीठाची पदवी घेतात. विद्यापीठाची स्थापना १९४९ची. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाचे ग्रंथालय गणेशखिंडीच्या आवारात आहे. शहरातला विद्यार्थी तिथे बसने जाऊ शकतो. शिरूर साधारण ७० किलोमीटरवर आहे, दौंड त्याहून थोडे लांब. एक संदर्भ पाहायचा तर जाण्या-येण्यात दिवस मोडतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळी करून शिकणाऱ्याला तो दिवस परवडत नाही.

ऑनलाइन शिक्षणाने हे अंतर मिटायला हवे होते. प्रत्यक्षात व्याख्यान घरी पोहोचले आणि पुस्तक मागेच राहिले.

ई-साहित्य कोणाला मिळते?

गांधीनगर येथील 'इन्फ्लिबनेट' हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे केंद्र महाविद्यालयांसाठी 'एन-लिस्ट' ही योजना चालवते. सदस्य महाविद्यालयातील प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना हजारो शोधपत्रिका आणि लाखाहून अधिक ई-पुस्तके वाचता येतात. अनुदानित महाविद्यालयासाठी वार्षिक शुल्क काही हजार रुपयांच्या घरात आहे. म्हणजे तालुक्याच्या महाविद्यालयालाही हे परवडते.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० ई-शोधपत्रिका, असा तिचा आवाका आहे. मात्र ती केंद्र आणि राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आखलेली आहे. ग्रामीण महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालये खासगी शिक्षण संस्थांची आहेत. त्यामुळे त्यांच्यासाठी 'एन-लिस्ट'चे महत्त्व कायम राहते.

याशिवाय काही साहित्य कोणालाही विनामूल्य खुले आहे. 'शोधगंगा'वर देशभरातील पीएच.डी. प्रबंध आहेत. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आयआयटी खरगपूर सांभाळते. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर वाचता येतो.

मग अडते कुठे?

पहिली अडचण ओळखीची. विद्यापीठाच्या आवारातील नेटवर्कवर सशुल्क लेख आपोआप उघडतो, कारण प्रकाशकाची यंत्रणा तिथले नेटवर्क ओळखते. तोच लेख घरून उघडला तर पैसे मागितले जातात. 'एन-लिस्ट'मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतंत्र नाव आणि पासवर्ड मिळतो. त्यावर दौंडच्या घरातूनही वाचता येते. पण महाविद्यालयाने खाते उघडून दिले नाही, तर विद्यार्थ्याच्या लेखी सदस्यत्व असून नसल्यासारखेच.

दुसरी अडचण दुव्याची. शिक्षक अनेकदा ब्राउझरमधला पत्ता जसाच्या तसा व्हॉट्सअॅप गटावर टाकतात. असा पत्ता त्या वेळच्या लॉगिनपुरता असू शकतो आणि दुसऱ्या दिवशी तो उघडत नाही. लेखाच्या पानावर सहसा कायमस्वरूपी दुवाही दिलेला असतो. तो द्यायला हवा, हे ग्रंथपालाला ठाऊक असते. पण अभ्यासक्रम तयार होताना ग्रंथपालाला विचारतो कोण?

तिसरी अडचण सर्वांत मोठी आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटी दहा-पंधरा पुस्तकांची संदर्भसूची देऊन हात झटकले जातात. कोणत्या घटकासाठी कोणते प्रकरण आणि कोणती पाने वाचायची, हे सांगितले जात नाही. विद्यार्थी मग टेलिग्रामवर फिरणारी पीडीएफ किंवा गाइड उघडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

नियमांत काही अडथळा आहे का?

उलट नियम अनुकूल आहेत. केंद्राच्या 'स्वयम' मंचाची रचनाच चार भागांची आहे : व्हिडीओ व्याख्यान, वाचन साहित्य, स्वयंचाचणी आणि शंकांसाठी चर्चा. २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम'वरून करण्यास विद्यापीठ मुभा देऊ शकते. पदवीचा एवढा भाग ऑनलाइन होऊ शकत असेल, तर वाचनाचा कोपरा रिकामा ठेवून चालणार नाही.

कॉपीराइटची भीतीही पुढे केली जाते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अध्यापनासाठी सवलत आहे. दिल्ली विद्यापीठातील झेरॉक्स संचांच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या सवलतीचा व्यापक अर्थ लावला. याचा अर्थ पूर्ण पुस्तक स्कॅन करून सर्वांसाठी इंटरनेटवर टाकावे असा नाही. पण दुवा देताना प्रत काढलीच जात नाही. विद्यार्थी स्वतःच्या खात्यातून प्रकाशकाच्याच पानावर वाचतो. तिथे हा प्रश्न उद्भवत नाही.

इंग्रजीचे काय?

हा आक्षेप खरा आहे. सदस्यत्वातून मिळणारे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. शिरूर-दौंडमध्ये बारावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलीपुढे वीस पानांचा इंग्रजी शोधनिबंध टाकणे म्हणजे तिला बाहेरचा रस्ता दाखवणे. म्हणून क्रम ठरवावा लागेल. आधी विश्वकोशातील नोंद किंवा मराठी प्रकरण, मग इंग्रजी पुस्तकातील चार-पाच पाने आणि सोबत त्यातील दहा संज्ञांचा मराठी अर्थ. अशी जोडणी यंत्र करून देणार नाही. विषय शिकवणारा शिक्षक आणि ग्रंथपाल यांनीच ती एकत्र बसून करायची आहे.

काय करता येईल?

प्रवेशाच्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे खाते त्याच्याच मोबाइलवर उघडून, एक लेख उतरवून दाखवावा. प्रत्येक घटकाखाली दोनच वाचने द्यावीत, पानांच्या आकड्यांसह. चाचणीतला एक तरी प्रश्न त्या वाचनावर असावा. परीक्षेत नसलेले वाचले जात नाही, हे कटू असले तरी खरे आहे. सत्र सुरू होण्यापूर्वी सगळे दुवे घरच्या इंटरनेटवरून तपासावेत, महाविद्यालयाच्या वाय-फायवरून नव्हे. आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर शिक्षकाच्या नावाशेजारी ग्रंथपालाचे नाव आणि संपर्काची वेळ असावी.

शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, रिक्त पदेही आहेत. त्यामुळे प्रत्येक महाविद्यालयाने हे काम नव्याने करण्यापेक्षा विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी विषयवार दुव्यांची यादी एकदाच तयार करावी आणि सर्व संलग्न महाविद्यालयांना द्यावी. अहिल्यानगर आणि नाशिकच्या महाविद्यालयांनाही ती उपयोगी पडेल. महाविद्यालयाकडे मग खाती उघडणे आणि स्थानिक गरजेनुसार भर घालणे एवढेच उरेल.

नवी इमारत किंवा नवे अॅप यासाठी लागत नाही. अभ्यासक्रम आखण्याच्या बैठकीला ग्रंथपालाला बोलावणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. तोपर्यंत शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याला पदवी पुणे विद्यापीठाची आणि वाचायला गाइड, हीच स्थिती राहील.