ए. आर. टी. केंद्राच्या प्रमुखांस अनावृत पत्र

महोदय,

माझे पूर्वीचे अर्ज आपल्या कचेरीत रीतसर दाखल होऊन त्यांवर आवक क्रमांक पडले, त्याअर्थी ते आपणांस पोहोचले असावेत. आणि एकाचेही उत्तर आले नाही, त्याअर्थी ते उत्तरास पात्र वाटले नसावेत. सबब तोच मजकूर आता चारचौघांसमक्ष मांडतो.

एच. आय. व्ही.वरील औषधांविषयी माझी तक्रार नाही. सरकारने १ एप्रिल २००४ पासून ती मोफत देण्यास आरंभ केला, २०१७ पासून सीडी-४ पेशींच्या संख्येची अट न घालता प्रत्येक बाधितास देऊ केली, आणि त्या गोळ्यांवर आम्ही जगत आहो. तक्रार आहे ती आपल्या मौनाची. वर्षातून एकदा आमचे रक्त घेऊन विषाणुभार मोजला जातो, अहवालावर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ असा शेरा येतो, समुपदेशक तो पुस्तिकेत उतरवितात, ‘छान, गोळ्या चुकवू नका’ म्हणतात आणि पुढचा टोकन क्रमांक पुकारतात. परंतु त्या शेऱ्याचा शय्यागृहात काय अर्थ होतो, हे माझ्यासारख्या समलिंगी पुरुषास सांगण्याची तसदी आपल्या केंद्रात कोणी घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

तो अर्थ आपणांस ठाऊक नाही, असे म्हणण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. तरीही आकडे मांडतो. युरोपातील १४ देशांत झालेल्या ‘पार्टनर-२’ या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, एक बाधित व एक अबाधित अशा ७८२ समलिंगी जोडप्यांतील, निरोधाविना झालेल्या सुमारे ७६,००० गुदसंभोगांचा त्यात हिशेब आहे, आणि उपचाराने विषाणुभार दबलेल्या जोडीदाराकडून झालेल्या लागणींची संख्या शून्य आहे. अबाधितांपैकी १५ जणांना त्या काळात लागण झाली खरी. परंतु त्यांच्या विषाणूंची जनुकीय छाननी केली असता एकाचाही विषाणू घरच्या जोडीदाराच्या विषाणूशी जुळला नाही. तत्पूर्वी ऑस्ट्रेलिया, ब्राझील व थायलंड येथील ३४३ जोडप्यांच्या अभ्यासातही तेच शून्य हाती आले होते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, नियमित औषध घेऊन विषाणू चाचणीत न आढळणाऱ्या व्यक्तीकडून लैंगिक जोडीदारास लागण होत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले. इतकी शून्ये जमूनही आपल्या समुपदेशन-कक्षाच्या दाराची कडी निघत नाही, याला काय म्हणावे?

आमच्या वाट्यास त्या कक्षात जो सल्ला येतो तो असा, की आता तरी ‘ते सगळे’ बंद करा आणि घरचे म्हणतात तर लग्न उरकून घ्या. ज्या इसमास पुरुषाच्या स्पर्शाचेही भय घालायचे, त्यालाच एखाद्या अजाण मुलीच्या गळ्यात बांधू पाहायचे, यामागील वैद्यकशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवितात, हे कृपया कळवावे.

परिणाम आपण पाहत नाही, आम्ही पाहतो. कोणी स्वतःस आजन्म विषारी समजून प्रेमाच्या माणसास दूर लोटतो; कोणी ‘आता काय उरले’ म्हणून गोळ्याच सोडतो; कोणी मोबाइलवर अर्धीच गोष्ट वाचून, विषाणू दबला म्हणजे गरमी-परम्यापासूनही अभय मिळाले, असे मानून चालतो. तसे अभय मिळत नाही, त्यासाठी निरोध लागतो आणि घसा व गुदद्वार यांचीही तपासणी लागते, हे त्यास कोणी सांगावे? गुप्तरोगांवरील सरकारच्या करड्या किटात गुदमार्गातील स्रावाचेही औषध धरलेले आहे. पण ‘दुखते कुठे’ एवढा प्रश्न विचारण्याची लाज ज्यांना वाटते, त्यांच्या कपाटात ते किट सुखाने पडून राहते.

या प्रांतात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उघड उत्तरे दिली म्हणून १९३४ साली खटल्यास तोंड दिले. त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. आपणांवर तर उत्तर दिल्याबद्दल खटला होण्याचीही भीती नाही, उलट त्यासाठी वेतन मिळते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी आम्हास गुन्हेगारांच्या यादीतून मुक्त केले आणि चारच दिवसांनी एच. आय. व्ही. व एड्स अधिनियम अमलात आला. त्याचे कलम १० समुपदेशन मिळालेल्या बाधितावर संसर्ग टाळण्याचे कर्तव्य घालते. ते कर्तव्य आम्ही गोळ्या गिळून पार पाडतो. त्या कलमाने गृहीत धरलेले समुपदेशन मात्र आपण देत नाही, आणि वर आम्हासच बेजबाबदार ठरविता. ही निव्वळ ढिलाई नाही, महोदय. ठराविक माणसांपासून जाणीवपूर्वक लपवून ठेवलेले हे ज्ञान आहे, असा माझा आरोप आहे.

मागणी एकच: विषाणू न आढळल्याचा अहवाल ज्याच्या हाती द्याल, त्यास त्याचा संपूर्ण अर्थ, जोडीदार स्त्री आहे की पुरुष हे न पाहता, त्याच बैठकीत मराठीतून समजावून सांगावा, आणि तसा लेखी हुकूम समुपदेशकांस द्यावा. या पत्राची प्रत तक्रार म्हणून याच अधिनियमाखालील लोकपालांकडे रवाना केली आहे. त्यांना निर्णयासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.

आपला,
आपल्या केंद्राचा एक नियमित रुग्ण