चालतेय तोवर चालू द्या?

मे महिन्यातली दुपार. चिपळूणहून कराडकडे निघालेली गाडी कुंभार्ली घाट अर्धा चढली आहे. आत चौघेजण, मागे आंब्याच्या पेट्या, एसी चालू. एकाएकी एसीतून गरम हवा येऊ लागते, बॉनेटच्या फटीतून वाफ निघते आणि गाडीभर गोडसर वास पसरतो. ‘‘वर पोचू, मग बघू,’’ असे म्हणत चालवणारा आणखी दोन किलोमीटर गाडी रेटतो. मग गाडी बंद पडते ती पडतेच. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये कळते की फाटला होता तो रेडिएटरचा वरचा होज पाईप, किंमत काहीशे रुपये. पण त्या दोन किलोमीटरमध्ये सिलिंडर हेड वाकले, पॅकिंग जळाले आणि खर्च हजारांच्या घरात गेला.

अशा वेळी मालकाचे एक वाक्य ठरलेले असते, ‘‘गाडी तर ठणठणीत होती!’’ ते खोटेही नसते. ब्रेक झिजले की किरकिरतात, बॅटरी उतरली की सकाळी कुरकुरते, टायर तर डोळ्यांनाच दिसतो. होज पाईप मात्र आतून कुजतो. वरून काळा, तुकतुकीत दिसणारा पाईप आतल्या बाजूने, विशेषतः क्लिपजवळच्या टोकांशी, चिरत गेलेला असू शकतो.

त्याच्यावर भारही तसाच असतो. चालू इंजिनात कूलंट ९० अंशांच्या आसपास तापलेले असते आणि रेडिएटरच्या कॅपमुळे ते दाबाखाली राहते. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेल्यावरच उकळते, तेच तत्त्व इथे. एकदा कुठे फाटले की दाब जातो, कूलंट उकळून बाहेर पडते आणि इंजिन काही मिनिटांत भाजून निघते.

पूर्वीच्या अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात तांब्या-पितळेचा रेडिएटर गळू लागला तर डाग देऊन भागत असे आणि पाण्याचा डबा डिकीत असेच. आताच्या रेडिएटरची जाळी अ‍ॅल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या बहुधा प्लॅस्टिकच्या. उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि जाळीशी जिथे सांधा असतो तिथे तडकते. त्याला डाग देता येत नाही. कूलंटची पांढरी बाटली पिवळी पडली असेल, तर तिच्याच वयाचे बाकीचे प्लॅस्टिकही म्हातारे झाले आहे असे समजावे.

‘‘बिघडले नाही ते कशाला बदलायचे?’’ हा प्रश्न काटकसरी घरात हमखास निघतो. पण त्याच घरात शेगडीची नारिंगी रबरी नळी पाच वर्षे झाली की बदलली जाते, गॅस गळण्याची वाट कुणी पाहत नाही. गाडीच्या होज पाईपलाही हाच हिशेब लावावा. पाच वर्षांनंतर तो चांगला दिसत असला तरी संशयितच. गार इंजिनावर टोकाजवळ दाबून पाहावे, पिचपिचीत लागला, कडक झाला किंवा भेगा दिसल्या तर वयही मोजू नये. हीटरचे बारीक पाईप हमखास विसरले जातात, तेही याच यादीतले.

कूलंट काढलेच आहे तर कॅप आणि थर्मोस्टॅटही बदलून घ्यावेत, दोन्ही फार महाग नसतात. थर्मोस्टॅटबाबत मात्र सावध राहावे. ‘‘आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच काय, काढून टाकतो,’’ असे सांगणारे फिटर अजून भेटतात. तो काढला की इंजिन योग्य तापमानाला वेळेवर पोचत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि झीज वाढते. जुना अडकला तर नवा बसवावा, जागा रिकामी ठेवू नये.

वॉटर पंपाचे गणित मजुरीचे आहे. काही गाड्यांत तो टायमिंग बेल्टवर फिरतो. तिथे बेल्ट बदलतानाच पंप बदलला तर खोलण्याची मजुरी एकदाच पडते. नाहीतर पुढे पंप अडकून नवा बेल्टही तुटू शकतो आणि मग काही इंजिनांत व्हॉल्व्हच पिस्टनवर आदळतात. पंखा तपासणे सोपे, एसी लावून तो फिरतो का एवढे पाहायचे.

कूलंटच्या जागी बोअरचे पाणी ओतणे ही खोटी बचत. गिझरच्या कॉइलवर जसा पांढरा थर चढतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो. कोणते कूलंट आणि किती वर्षांनी, हे गाडीच्या पुस्तिकेत असते. केवळ रंग जुळला म्हणून दुसरे मिसळू नये. बहुतेक कूलंट विषारी असते आणि चवीला गोड, म्हणून उरलेला डबा मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नये.

हे काम प्रवासाच्या आदल्या दिवशी मात्र करू नये. दोन आठवडे आधी करून गावातल्या गावात गाडी फिरवावी, म्हणजे एखादी क्लिप सैल राहिली असेल तर घराच्या दारातच कळते. जुने भाग गॅरेजमधून परत मागून घ्यावेत. काढलेला पाईप टोकाशी चिरून आतून पाहिला की पुढच्या वेळी वाद घालावा लागत नाही.

तरीही वाटेत वाफ दिसलीच तर लगेच कडेला थांबून इंजिन बंद करावे. अनेक गाड्यांत तापमानाचा काटा नसतो, फक्त लाल दिवा असतो. कूलंट पूर्ण निघून गेले तर सेन्सर कोरडा पडून तो दिवाही उशिरा लागू शकतो, म्हणून वाफ, वास आणि एसीची गरम हवा यांवर विश्वास ठेवावा. कॅपला निदान अर्धा तास हात लावू नये. उसळलेल्या कूलंटने हात आणि चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये. कूलंट भरून पाहिले आणि ते खाली गळत असेल, तर टोइंगची गाडी बोलवावी. तिचे पैसे हेडच्या कामापेक्षा कमीच पडतात.