मण्यांची माळ आणि दोषाचे खापर

1952 साली भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने दिल्लीतील लोदी कॉलनीत आणि म्हैसूर राज्यातील रामनगरम येथे ‘सुरक्षित काळा’चे, म्हणजे गर्भधारणेचा संभव असलेले दिवस टाळून संततिनियमन करण्याचे, प्रयोग हाती घेतले, दिवस मोजण्यासाठी स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या, आणि प्रयोग फसल्यावर अडाणी बायकांना मोजदाद जमली नाही, अशी समजूत रूढ झाली.

हे खापर भलत्याच डोक्यावर फुटले. वैरागसारख्या बार्शी तालुक्यातील गावात जी स्त्री चतुर्थी, एकादशी आणि अमावास्या तोंडपाठ सांगते, कावळा शिवल्यापासूनचे दिवस मोजून न्हाते आणि मगच चुलीपाशी परतते, तिला महिन्याचे मणी मोजता येत नाहीत, हे म्हणणे टिकणारे नाही.

चुकले होते ते शास्त्रज्ञच, आणि तेही दीर्घकाळ. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्य पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे मानीत आणि महिन्याचा मध्य निर्धोक ठरवीत. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे, हे 1920 नंतरच्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवले. त्यांच्या मते स्त्रीबीज पुढील पाळीच्या सुमारे दोन आठवडे आधी सुटते, म्हणजे अद्याप न आलेल्या पाळीपासून मागे मोजायचे. पाळी अनियमित असेल किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ती सुरूच झाली नसेल, तर हे गणित कोलमडते, मग मोजणारी पदवीधर का असेना.

डिसेंबर 1935 मध्ये वर्ध्यास संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर यांच्याशी बोलताना गांधीजींना सर्व उपायांत ‘सुरक्षित काळा’चाच उपाय त्यातल्या त्यात कमी अप्रिय वाटला, कारण त्यात निदान काही दिवसांचा संयम होता. हा संयम कोणी पाळायचा, हाच खरा प्रश्न आहे. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढून साधनांचा पुरस्कार केला, आणि स्त्रीच्या हाती असलेल्या साधनाला तरी रोज रात्री नवऱ्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

तरीही ही पद्धत टाकाऊ नाही. आजची 32 मण्यांची माळ 26 ते 32 दिवसांचे चक्र असलेल्या स्त्रीसाठी असून तिच्यात आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे दिवस टाळायचे असतात. काटेकोर पाळल्यास वर्षाकाठी शंभरांत सुमारे पाच, तर नेहमीच्या वापरात सुमारे बारा स्त्रियांना गर्भ राहतो. हे बारा दिवस दोघांच्या संमतीशिवाय पाळता येत नाहीत, म्हणून आरोग्य केंद्रात ही माळ द्यायचीच असेल, तर नवऱ्याला बाहेर बाकावर बसवून ती एकट्या बायकोच्या हाती देऊ नये.